नवरात्रातली वेस्टाची प्रतियुती: १०×५० बायनॉक्युलरने लघुग्रह नक्की ओळखायचा कसा?

कोनमापी

१३ ऑक्टोबर २०२६ च्या सुमारास ४ वेस्टा (क्रमांक ४ चा लघुग्रह) प्रतियुतीत, म्हणजे पृथ्वीवरून सूर्याच्या विरुद्ध दिशेला, येतोय. जागा तिमिंगल तारकासमूह, प्रत (तेजस्वितेचा आकडा, जितका लहान तितकं ठळक) साधारण ६.३, पृथ्वीपासूनचं अंतर सुमारे १.४८ खगोलीय एकक (एक एकक म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतर), म्हणजे २२ कोटी किलोमीटरच्या थोडं वर. सर्वपित्री अमावास्या १० तारखेला आणि घटस्थापना ११ ला असल्यामुळे चंद्राची अडचण पहिले पाच-सहा दिवस जवळजवळ नाहीच. पुण्याहून रात्री १० वाजता वेस्टा पूर्व-आग्नेयेला ४५ अंशांवर असेल आणि पाऊणच्या सुमारास याम्योत्तरावर (डोक्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेवर) ६८ अंशांवर पोचेल. यापेक्षा सोयीची जागा मिळणं अवघड.

धागा काढण्याचं कारण वेगळं आहे. लघुग्रह "दिसला" असं सांगणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी शेजारचा तारा पाहिलेला असतो. वेस्टाला चकती नाही. ५२५ किलोमीटरचा गोळा या अंतरावरून अर्ध्या विकलेचा दिसतो (अंशाचा ६० वा भाग कला, कलेचा ६० वा भाग विकला), तो कुठल्याही घरगुती दुर्बिणीत ताऱ्यासारखाच ठिपका. रंग वेगळा नाही, लुकलुकणं वेगळं नाही. ताऱ्यांपासून त्याला वेगळं करणारी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे तो सरकतो. प्रतियुतीच्या काळात दिवसाला साधारण १५ कला, म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राच्या अर्ध्या रुंदीइतका, पश्चिमेकडे. त्यामुळे एका रात्रीचं बघणं हे निरीक्षण नव्हे, निम्मं निरीक्षण आहे. उरलेलं निम्मं दुसऱ्या रात्री.

पोचायचं कसं ते सांगतो. त्या भागात सगळ्यांत ठळक शनी आहे, पिवळसर आणि स्थिर उजेडाचा. तिमिंगलातला सर्वांत तेजस्वी तारा बीटा, म्हणजे दिनेब कैतोस, प्रत २, शनीच्या बराच दक्षिणेला एकटा पडलेला. बीटापासून ईशान्येला १० अंशांवर ईटा, ईटापासून तसंच पुढे साडेचार अंशांवर थीटा. दोघेही साडेतीनच्या आसपासचे आहेत. हात लांब करून मूठ धरली की १० अंश, त्यावरून अंदाज येतो. १३ तारखेला वेस्टा थीटाच्या उत्तरेला, किंचित पूर्वेकडे, जेमतेम ५ अंशांवर असेल. १०×५० चं दृश्यक्षेत्र साडेसहा अंशांचं असतं, म्हणजे थीटा एका कडेला ठेवला की समोरच्या कडेच्या आत वेस्टा यायला हवा.

"समोरच्या" म्हटलं, "वरच्या" नाही. का ते खाली लिहितो, कुणी विचारायच्या आत.

कोनमापी

दिशेबद्दल. नकाशात उत्तर वर छापलेली असते. आकाशात रात्री १० वाजता, वेस्टा पूर्वेकडे असताना, उत्तर वर नसते. आपल्या अक्षांशावरून ती सरळ वरच्यापेक्षा डावीकडे जवळजवळ ६० अंश कललेली असते. म्हणजे थीटा बायनॉक्युलरच्या खालच्या नव्हे, उजव्या-खालच्या कडेला ठेवायचा आणि वेस्टा डाव्या-वरच्या बाजूला शोधायचा. पाऊण वाजता दक्षिणेकडे तोंड करून बघाल तेव्हाच नकाशा आणि आकाश जुळतं. साधा उपाय म्हणजे नकाशाचा कागद हातात फिरवा, शनी-थीटा ही जोडी आकाशात जशी तिरकी दिसते तशी कागदावर येईपर्यंत. मग कागद हलवू नका.

गच्चीवरून

उत्तम धागा. एक शंका. आमच्याकडे ठाण्यात गच्चीवरून नुसत्या डोळ्यांना प्रत ३.५ च्या पुढचं काही दिसत नाही. ईटा, थीटासुद्धा दिसणार नाहीत बहुतेक. शहरातून प्रयत्न करण्यात अर्थ आहे का, की वांगणी-नेरळकडे जावंच लागेल?

सह्यकडा

@गच्चीवरून, शहरातून जमतं. ५० मिलिमीटरचं बायनॉक्युलर डोळ्यांपेक्षा साधारण चार प्रती खोल जातं, तेही स्टँडवर असेल तर. हातात धरलं की त्यातली एक प्रत थरथरण्यातच जाते. साडेतीनच्या आकाशात साडेसातपर्यंत मिळालं तरी ६.३ ला पुरेसं आहे. ईटा, थीटा डोळ्यांना दिसले नाहीत तरी बायनॉक्युलरमध्ये ठसठशीत दिसतील. फक्त सुरुवात बीटापासून करा, तो प्रत २ चा, ठाण्यातूनही दिसतो.

स्टँडबद्दल सांगतो. बायनॉक्युलरच्या मधल्या दांड्याच्या पुढच्या टोकाला एक झाकण असतं, ते फिरवून काढलं की आत पाव इंची आटे असतात. तिथे एल आकाराचा ॲडॅप्टर बसतो आणि तो कॅमेऱ्याच्या ट्रायपॉडवर. स्वस्त प्लास्टिक ॲडॅप्टर घेऊ नका, ५० मिमीच्या वजनाखाली वाकतो आणि चित्र सारखं खाली घसरत राहतं. धातूचा घ्या. ट्रायपॉडवर ६८ अंश उंचीला मान मोडते, म्हणून १० ते ११ च्या दरम्यान, ४५ ते ५८ अंशांवर असताना बघणं शहाणपणाचं. आडवी आरामखुर्ची आणि कोपरांखाली उशा, हेही चालतं, पण चित्र काढायला हात मोकळा राहत नाही.

गच्चीवर दिव्याचा झोत थेट डोळ्यांत येत असेल तर डोक्यावरून काळं कापड घ्या, जुन्या फोटोग्राफरसारखं. अर्धी प्रत वाढते.

निशाचर_नागपूर

मी दुर्बीणवाल्यांसाठी भर घालतो. १५० मिमीची, १२०० मिमी नाभीय अंतराची डॉब्सोनियन (साध्या फिरत्या बैठकीवरची आरशाची दुर्बीण) धरा, ही आपल्याकडे सगळ्यांत जास्त दिसते. २५ मिमी आयपीसला ४८ पट, क्षेत्र अंशभर. यात दुसऱ्या रात्रीपर्यंत थांबायची गरज नाही. वेस्टा तासाला साधारण ३८ विकला सरकतो. त्याच्या जवळ, दोन-तीन कलांच्या आत एखादा मंद तारा असेल आणि १० मिमी आयपीसने १२० पट केलंत, तर दोन तासांत अंतर सव्वा कलेने बदललेलं स्पष्ट जाणवतं. जवळ तारा नसेल तर मात्र दोन तासांत काहीच कळत नाही, कारण डोळ्याला लांबचं अंतर मोजता येत नाही. हे तारा मिळण्यावर अवलंबून आहे, म्हणून नकाशा ११ व्या प्रतीपर्यंतचा छापा आणि वेस्टा कुठल्या मंद ताऱ्याजवळून जातोय ते आधीच बघून ठेवा.

आणि नकाशा उलटा की आरशातला, हे विसरू नका. न्यूटनी दुर्बिणीत चित्र १८० अंश फिरतं, कागद उलटा धरला की झालं. लेन्सच्या दुर्बिणीत कोनी आरसा लावला असेल तर डावं-उजवं बदलतं, तिथे कागद कितीही फिरवला तरी जुळत नाही. त्यासाठी नकाशा आरशासारखा उलटवून छापावा लागतो. निम्मे लोक इथेच अडकतात आणि दुर्बिणीला दोष देतात. फाइंडरलाही (मुख्य दुर्बिणीवरच्या छोट्या शोधक दुर्बिणीलाही) हेच लागू. सरळ नळीचा फाइंडर चित्र १८० अंश फिरवतो, कोनी फाइंडर आरसा करतो.

हडसनकाठ

न्यू जर्सीत राहणाऱ्यांसाठी उंची किती मिळेल? आणि वेळा सगळ्या भारतीय आहेत, त्या कशा बदलायच्या?

कोनमापी

@हडसनकाठ, तुमच्याकडे याम्योत्तरावर ४६ अंशांच्या आसपास, तुमच्या घड्याळात रात्री एकच्या सुमारास. ४६ अंशाला काही अडचण नाही.

वेळेचा मुद्दा फार महत्त्वाचा काढलात, कारण इथे सगळ्यांत जास्त चुका होतात. स्थानांची तयार कोष्टकं बहुधा जागतिक वेळेच्या शून्य तासाची असतात. आपल्याकडे तेव्हा पहाटेचे साडेपाच. म्हणजे "१३ ऑक्टोबर" या ओळीतलं स्थान आपल्या १३ तारखेच्या पहाटेचं आहे. त्याच दिवशी रात्री १० वाजता जागतिक वेळ १६:३०, तोवर वेस्टा साडेसोळा तासांचं अंतर कापून १० कला पुढे गेलेला. कोष्टकातला बिंदू नकाशावर जसाच्या तसा टाकलात तर चंद्राच्या एक तृतीयांशाइतकी चूक. दोन ओळींमधला प्रमाणशीर भाग काढायचा. १३ आणि १४ ची स्थानं जोडणाऱ्या रेषेवर दोन तृतीयांशाच्या थोडं पुढे, तिथे तुमचा बिंदू.

न्यू जर्सीत उलट. ऑक्टोबरात तुमचे रात्रीचे १० म्हणजे जागतिक वेळेचे पहाटे २, आणि तारीख पुढची. १३ तारखेच्या रात्री बघणार असाल तर १४ ची ओळ घ्या. वहीत दोन्ही वेळा लिहून ठेवा, नाहीतर आठवड्याने स्वतःचीच नोंद कळत नाही.

सागरतीर

होरायझन्समधून (नासाच्या जेपीएलची स्थानांची कोष्टकं देणारी ऑनलाइन सेवा) कोष्टक काढायला गेलो तर "४" टाकल्यावर मंगळ येतोय! काय चुकतंय?

निशाचर_नागपूर

काही चुकलेलं नाही. तिथे नुसता ४ म्हणजे मंगळ आणि त्याचे चंद्र यांचं मिळून वस्तुमानकेंद्र. लघुग्रहाच्या क्रमांकापुढे अर्धविराम द्यावा लागतो, ४ आणि लगेच अर्धविराम. मग वेस्टा येतो. निरीक्षकाचं ठिकाण आपल्या गावाचं दिलं नाहीत तरी चालेल, एवढ्या अंतरावर पृथ्वीच्या पृष्ठभागावरून पडणारा फरक सहा विकलांच्या आत असतो, बायनॉक्युलरला त्याचं काही नाही. वेळेची पायरी एक तास ठेवा, रात्रीचे सहा-सात तास घ्या. रकान्यांत १ नंबर म्हणजे विषुवांश आणि क्रांती (आकाशातलं स्थान सांगणारे दोन आकडे), ९ नंबर म्हणजे प्रत. एवढं पुरे, बाकी रकाने निवडलेत तर ओळ इतकी लांब होते की छापता येत नाही.

स्टेलेरियम हे आकाश दाखवणारं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनी संगणकावरच्या आवृत्तीत सौरमंडल संपादक हे प्लगइन चालू करून वेस्टाचे कक्षाघटक (कक्षा ठरवणारे आकडे) ताजे करून घ्या. जुन्या काळाच्या घटकांवरून काढलेलं स्थान हळूहळू सरकत जातं, कारण गुरूचा ओढा त्यात धरलेला नसतो.

कोनमापी

याच्याच जोडीला आणखी एक सापळा, काळाचा. होरायझन्सच्या १ नंबरच्या रकान्यातलं स्थान २००० सालच्या चौकटीतलं असतं. ते छापील नकाशाशी जुळवायचं तर नकाशाही २००० चाच हवा. आकाशाची चौकट परांचनामुळे (पृथ्वीच्या अक्षाच्या संथ फिरण्यामुळे) वर्षाला ५० विकला सरकते. २००० ते आत्तापर्यंत सुमारे २२ कला झाल्या, म्हणजे वेस्टाच्या दीड दिवसाच्या चालीइतक्या. काही जणांकडे, विशेषतः जुन्या मंडळांच्या कपाटांत, १९५० सालच्या चौकटीचे नकाशे अजून आहेत. त्यावर आजच्या चौकटीतलं स्थान टाकलंत तर अंशाच्या वर चूक. चूक नुसती मोठी नसते, फसवी असते. तिथे नेमका एखादा प्रत साडेसहाचा तारा सापडला की माणूस समाधानाने वही मिटतो.

नकाशा कुठल्या वर्षाच्या चौकटीचा आहे ते पहिल्या पानावर छापलेलं असतं. बघून घ्या.

गच्चीवरून

चित्र काढण्याबद्दल जरा सविस्तर लिहाल का? गोल किती मोठा, किती तारे, पेन्सिल कुठली?

सह्यकडा

हा या धाग्याचा गाभा आहे म्हणून लांब लिहितो.

पहिली चूक म्हणजे सगळं दृश्यक्षेत्र काढणं. १० सेंटिमीटरचा गोल काढलात आणि त्यात साडेसहा अंश बसवलेत, तर एक अंश म्हणजे १५ मिलिमीटर. वेस्टाची एका दिवसाची चाल १५ कला, म्हणजे कागदावर जेमतेम ४ मिलिमीटर. हाताने काढलेल्या चित्रात अंधारात ४ मिलिमीटरची चूक सहज होते. त्यामुळे दोन रात्रींची चित्रं शेजारी ठेवल्यावर सरकला तो वेस्टा की तुमची पेन्सिल, हे सांगता येत नाही.

म्हणून मधले फक्त दोन अंश काढा. त्याच १० सेंटिमीटरच्या गोलात दोन अंश बसले की एक दिवसाची चाल साडेबारा मिलिमीटर. आता फरक डोळ्यांत भरतो.

आधी नकाशावरून संशयित ठिपका आणि त्याच्या भोवतीचे चार-पाच तारे ठरवा, जास्त नकोत. पहिल्यांदा सगळ्यांत ठळक दोन तारे कागदावर टाका, त्यांचं अंतर म्हणजे तुमची पट्टी. तिसरा तारा या दोघांशी कसला त्रिकोण करतो ते बघा: समद्विभुज, चपटा, काटकोनाचा? चौथा तारा रेषेत येतो का? अंतरापेक्षा आकार डोळ्याला बरोबर कळतात. संशयित ठिपका सगळ्यांत शेवटी टाका आणि त्याच्याबद्दल शब्दांत एक वाक्य लिहा, उदाहरणार्थ "क आणि ख यांच्या रेषेच्या किंचित उत्तरेला, क पासून एक तृतीयांशावर". चित्र थोडं चुकलं तरी हे वाक्य चुकत नाही. दुसऱ्या रात्री तेच वाक्य खरं आहे का ते बघायचं. खरं असेल तर तुम्ही तारा बघत होता.

पेन्सिल एचबी किंवा दोन बी. रबर नको, चुकलं तर बारीक फुली मारून बाजूला काढा, खोडलेल्या जागी अंधारात काय होतं ते कळत नाही. जाड पुठ्ठ्याला कागद चिमट्याने लावा. टॉर्चवर लाल जिलेटिनचे तीन-चार थर, एक थर पुरत नाही. मोबाइलचा लाल पडदासुद्धा शहरात चालतो, गावाकडच्या काळोखात तो फार होतो.

दुसरी रात्र ढगाळ गेली तर बिघडत नाही. तिसऱ्या रात्री बघा, चाल ३० कला मिळेल. फक्त गोल थोडा मोठा लागेल.

निशाचर_नागपूर

सह्यकडांच्या पद्धतीला पूर्ण अनुमोदन. तारा ठरवून मग संशयित शेवटी टाकणं, हेच खरं. उलट केलं की डोळा संशयिताला नकाशावरच्या जागी ढकलतो आणि हात तसंच काढतो.

सागरतीर

कोकणात ऑक्टोबरात दव भयंकर पडतं आणि परतीचा पाऊसही असतो. काही उपाय?

सह्यकडा

परतीच्या पावसाला उपाय नाही, फक्त रात्री वाढवून ठेवा. ५ ते १६ ऑक्टोबर एवढी पट्टी मोकळी ठेवलीत तर दोन स्वच्छ रात्री मिळण्याची शक्यता चांगली. सलग असायला हव्यात असं नाही. त्यापुढेही बघणार असाल तर कोजागिरीच्या दोन-तीन रात्री सोडून द्या, चंद्र तेव्हा मीन-मेषेत, वेस्टाच्या जवळच असेल.

दवाला उपाय आहे. जुन्या योगा मॅटचे तुकडे कापा, ५० मिमीच्या लेन्सपुढे ७ ते ८ सेंटिमीटर लांबीच्या नळ्या करा, वेल्क्रोने बांधा. लेन्स आकाशाकडे उघडी राहून उष्णता फेकते आणि हवेपेक्षा थंड होते, म्हणून तिच्यावर पाणी धरतं. नळीमुळे तिला दिसणारं आकाश कमी होतं. दव धरलंच तर पुसू नका, धूळ घासून कोटिंगवर ओरखडे येतात. बायनॉक्युलर जॅकेटच्या आत दहा मिनिटं ठेवा. आयपीसवर दव बहुतेक वेळा श्वासाचं असतं, त्याला नळी उपयोगाची नाही, श्वास खाली सोडायची सवय लावा.

निशाचर_नागपूर

कॅमेऱ्याने करायचं असेल तर? मीच लिहितो.

साधा डीएसएलआर, ५० मिमी लेन्स, स्थिर ट्रायपॉड. ॲपर्चर एफ २.८, आयएसओ १६००, एकेक फोटो ४ ते ५ सेकंदांचा. यापेक्षा लांब ठेवलात तर तारे रेघा होतात. पंधरा-वीस फोटो एकावर एक जुळवले की ९ व्या प्रतीपर्यंत सहज. फोकस ऑटोवर नको, लाइव्ह व्ह्यूमध्ये शनीवर दहापट मोठं करून हाताने करा आणि टेपने कडी चिकटवून टाका.

आता ५० मिमीला, ४ मायक्रॉनच्या पिक्सेलला, एक पिक्सेल म्हणजे साडेसोळा विकला. तासाला ३८ विकला म्हणजे सव्वादोन पिक्सेल. एका तासात काही सिद्ध होत नाही, तीन तासांनी सात पिक्सेल सरकतो, ते दिसतं. १३५ मिमी लेन्स असेल तर एका तासातच सहा पिक्सेल. दोन फोटो ताऱ्यांवर जुळवून आलटून पालटून दाखवले की वेस्टा उडी मारताना दिसतो.

फसवणूक होते ती गरम पिक्सेलमुळे. सेन्सरवरचा ठिपका जागेवर राहतो आणि तारे सरकतात, म्हणून ताऱ्यांवर जुळवल्यावर गरम पिक्सेलच सरकल्यासारखा दिसतो. टोपी लावून तेवढ्याच सेकंदांचे दहा काळे फोटो घ्या आणि वजा करा. शंका असेल तर दिशा बघा: गरम पिक्सेल सगळे एकाच दिशेने, एकाच अंतराने सरकतात. वेस्टा एकटाच सरकतो.

फोटो ॲस्ट्रोमेट्री डॉट नेटवर टाकला तर आकाशातली जागा तो स्वतः ओळखतो, पण लघुग्रह ओळखत नाही. ते काम कोष्टकाशी ताडून तुमचंच.

गच्चीवरून

प्रत मोजता येईल का डोळ्याने? आणि ती ६.३ च का, २०१८ साली तर नुसत्या डोळ्यांनी दिसला होता ना?

कोनमापी

२०१८ च्या जूनमध्ये प्रत ५.३ होती, धनूत, काळोख्या आकाशातून डोळ्यांना दिसत होता. कारण कक्षा. वेस्टा सूर्यापासून सर्वांत जवळ २.१५ आणि सर्वांत लांब २.५७ खगोलीय एकक जातो. जूनमधल्या प्रतियुतीत तो उपसूर्य बिंदूजवळ, म्हणजे सूर्याच्या सर्वांत जवळच्या जागी असतो. ऑक्टोबरातल्या प्रतियुतीत तो सूर्यापासून २.४७ वर आहे. शिवाय त्याची कक्षा ७ अंशांनी तिरकी आहे आणि या वेळी तो क्रांतिवृत्ताच्या (सूर्याच्या आकाशातल्या वाटेच्या) बराच दक्षिणेला आहे, त्यामुळे सूर्य-पृथ्वी-वेस्टा एका रेषेत येत नाहीत. कलाकोन, म्हणजे वेस्टावरून सूर्य आणि पृथ्वी यांच्यातला कोन, साडेचार अंशांच्या खाली जाणार नाही. लघुग्रहाचा पृष्ठभाग अगदी समोरून उजळला की एकदम चमकतो, ती शेवटची चमक या वेळी मिळणार नाही.

प्रत मोजता येते. वेस्टाच्या दोन्ही बाजूंचे दोन तारे घ्या, एक थोडा ठळक, एक थोडा मंद, प्रत माहीत असलेले. बायनॉक्युलर किंचित फोकसबाहेर काढा म्हणजे ठिपक्यांच्या चकत्या होतात आणि रंगाचा गोंधळ कमी होतो. वेस्टा त्या दोघांच्या मध्ये कुठे बसतो ते दहा भागांत सांगा. तारे साधारण सारख्याच उंचीवर असावेत, नाहीतर हवेचा फरक मिसळतो. लालसर तारे टाळा. सरावलेला डोळा ०.१ ते ०.२ पर्यंत येतो. १३ तारखेपासून महिनाभर आठवड्यातून दोनदा मोजलंत तर सुमारे अर्ध्या प्रतीची उतरण तुमच्याच आकड्यांत दिसेल. वेस्टा ५.३४ तासांत स्वतःभोवती फिरतो, त्याने होणारा बदल ०.१ च्या आसपासचा, तो डोळ्याने मोजायच्या नादी लागू नका, त्याला कॅमेरा हवा.

एक सूचना: त्याच परिसरात, पूर्वेला १२ अंशांवर, मीरा हा रूपविकारी तारा आहे, साधारण ३३२ दिवसांत तो नुसत्या डोळ्यांना ठळक दिसण्यापासून बायनॉक्युलरलाही अवघड होण्यापर्यंत बदलतो. त्याला तुलनेचा तारा म्हणून धरू नका.

सागरतीर

थोडं अवांतर, चालेल ना? वेस्टाचे तुकडे भारतात पडलेत असं वाचलं होतं.

निशाचर_नागपूर

अवांतर नाही. राजस्थानात लोहावट इथे १९९४ साली पडलेला दगड हॉवर्डाइट प्रकारचा आणि पिपलिया कलान इथे १९९६ साली पडलेला यूक्राइट प्रकारचा. हे दोन्ही प्रकार वेस्टाच्या पृष्ठभागाच्या वर्णपटाशी जुळतात. डॉन यान २०११ ते २०१२ वेस्टाभोवती फिरलं, तेव्हा दक्षिण ध्रुवाजवळचा ५०० किलोमीटरचा ऱ्हीसिल्व्हिया हा खड्डा नीट मोजला गेला. जवळजवळ वेस्टाच्या व्यासाएवढा खड्डा. तिथूनच हे तुकडे उडाले असावेत असं मानतात.

सह्यकडा

आणि जागेचाही एक योग आहे. ओल्बर्सने २९ मार्च १८०७ ला ब्रेमेनहून वेस्टा शोधला तो कन्येत. सेरेस आणि पलास हे एका फुटलेल्या ग्रहाचे तुकडे असावेत, तसे असतील तर उरलेले तुकडेही त्यांच्या कक्षा जिथे एकमेकींना छेदतात त्या कन्या आणि तिमिंगल या दोन भागांतून जाणार, अशी त्याची समजूत होती. म्हणून तो वर्षानुवर्षं त्याच दोन भागांतले तारे तपासत होता. समजूत चुकीची निघाली, वेस्टा सापडला. पियाझीलाही १ जानेवारी १८०१ ला सेरेस मिळाला तो एका ताऱ्याने पुढच्या रात्रीपर्यंत जागा बदलली म्हणूनच. आपल्याकडे मद्रासच्या वेधशाळेतून पॉगसनने १८६१ साली ६७ एशिया शोधला, तोही ताऱ्यांच्या नकाशाशी एकेक ठिपका ताडून. वर सांगितलेली पेन्सिल-कागदाची पद्धत हीच आहे.

गच्चीवरून

सगळं छापून घेतलं. शेवटचा प्रश्न. दोन्ही रात्रींत ठिपका सरकलेला दिसला, पण चाल १५ कलांऐवजी ८-९ कला आली तर काय समजायचं?

कोनमापी

आधी वेळ तपासा. पहिल्या रात्री १ वाजता आणि दुसऱ्या रात्री १० वाजता बघितलं असेल तर मधे २४ नव्हे, २१ तास गेले, चाल १३ कला. तरीही कमी वाटली तर पट्टी तपासा: तुमच्या क-ख ताऱ्यांचं खरं अंतर नकाशावरून काढा, चित्रात तुम्ही ते जास्त धरलं असेल तर सगळ्याच चाली कमी येतात. तेही बरोबर असेल तर दिशा बघा. प्रतियुतीच्या दिवसांत वेस्टा वक्री आहे, पश्चिमेकडेच जायला हवा. पूर्वेकडे किंवा उत्तरेकडे सरकल्याचं दिसत असेल तर दोन रात्री दोन वेगळे तारे काढलेत.

वहीत एवढं हवंच: तारीख, भारतीय आणि जागतिक वेळ, ठिकाण, बायनॉक्युलरचा आकडा, स्टँड होता का, सगळ्यांत मंद कुठला तारा दिसला त्याची प्रत, चित्रावर उत्तर-पश्चिमेचे बाण, आणि ते क-ख वालं वाक्य. पश्चिम कुठली ते ठरवायचं सोपं आहे. ट्रायपॉड हलवू नका, तारे ज्या कडेने दृश्यक्षेत्राबाहेर जातात ती पश्चिम. तो बाण चित्र काढायच्या आधीच काढा.